काचेच्या पेटीचं पंक्चर

माझ्या बाबांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता. जगात जे काही बिघडतं, ते कुठून तरी गळतं म्हणूनच बिघडतं. शिरपूरला बसस्टँडजवळ त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि सगळी उमर पंक्चर काढण्यात गेलेली, त्यामुळे घरात कोणाला ताप आला तरी ते कपाळाला हात लावायच्या आधी विचारायचे, "हवा कुठून चालली बे याची?" भाऊमामाची सोयरीक मोडली तेव्हाही ते फार गंभीर चेहरा करून म्हणाले, "कुठं तरी हवेचा वॉल ढिला असन." मामा इतका चिडला की त्यानं आमच्या घरी जेवणार नाही अशी शपथ घेतली. संध्याकाळी आमरस होता म्हणून ती मोडली. हा भाऊमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दर उन्हाळ्यात बहिणीला मदत करायला म्हणून यायचा आणि मदत म्हणजे काय, तर वाळत घातलेल्या कुरड्या कावळ्यांपासून राखायचा आणि अर्ध्या स्वतःच ओल्या ओल्या खायचा.

उन्हाळ्यात आमचं घर म्हणजे कारखाना असायचा. ओसरीवर आईचा मोठा जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, त्यात भिजत घातलेला गहू, त्याचा तो आंबूस वास सगळ्या घरात. अंगणात उडदाच्या पापडाचं पीठ कुटायचं काम, धप धप धप, तेलाचं बोट लावून पुन्हा धप धप. कुटणारी मी. दुकानात पाना-पकड धरणारीही मीच, कारण बाबांना मुलगा नव्हता आणि मला लाज नव्हती. गावातली बायामाणसं म्हणायची, पोरीचे हात काळे होऊन राह्यले, हिले कोन करन? करणारानं केली, आता तीस वर्षं होत आली, आणि अजून त्याच्या स्कूटरचं पंक्चर मीच काढते. पण ते जाऊ द्या.

त्या वर्षी ऊन असं होतं की सायकलच्या ट्यूबा उभ्या उभ्या फुटायच्या. अशा दिवसांत बाबा एकदा मंगरूळपीरला सुटे भाग आणायला गेले आणि संध्याकाळच्या एसटीतून मांडीवर काचेची मोठी पेटी घेऊन उतरले. एका साहेबाची बदली झाली होती, त्याला सामान कमी करायचं होतं. बाबांनी त्याच्या पोरासाठी एक जुनी सायकल ठीकठाक करून दिली आणि बदल्यात ही मासोळ्यांची पेटी उचलून आणली. दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात दोन सोनेरी मासे आणि एक काळा, डोळे बाहेर आलेला. कंडक्टरनं पेटीचं हाफ तिकीट काढायला लावलं. बाबा म्हणाले, मग माशांचं? कंडक्टर म्हणाला, ते तीन वर्षांच्या आतले दिसतात, त्यांचं माफ.

"हे कायले आनलं?" आईनं विचारलं. तिच्या हाताला पीठ होतं, नाहीतर हात कमरेवर गेले असते.

"वाहतं पानी पाह्यलं का डोकं थंडं राह्यते," बाबा म्हणाले.

"वाहते कुठं ते? साचलेलं हाय."

यावरचं उत्तर पेटीनंच दिलं. पेटी आम्ही गव्हाच्या कोठीवर ठेवली, कारण घरात तेवढीच एक सपाट जागा होती. बादल्या ओतल्या, मासे सोडले, सगळे मांडी घालून समोर बसलो. काळा मासा मामाकडे बघायला लागला आणि मामा त्याच्याकडे. इतक्यात आईचा आवाज आला, "अगं माय वं! कोठीतून पानी येऊन राह्यलं!" पेटीच्या मागच्या कोपऱ्यातून धार लागली होती, आणि ती सरळ वर्षभराच्या गव्हात चालली होती. पाणी वाहतं होतं, हे बाबांनी तेव्हा बोलून दाखवायला नको होतं. मासे गंजात गेले, गंजातला भिजलेला गहू परातीत गेला, परातीतलं पीठ ताटात गेलं आणि त्या रात्री आम्ही हातावर भाकर घेऊन जेवलो.

बाबांना मात्र आनंद झाला होता. खरंच सांगते, त्यांचे डोळे चमकत होते. नवा टायर आणावा तसं त्यांनी त्या पेटीला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "साधं पंक्चर हाय. शाले, सोल्युशन आन." मी सोल्युशनची ट्यूब आणली, पॅच आणला. बाबांनी कोपऱ्याला सोल्युशन लावलं, फुंकर घातली, पॅच चिकटवला, वरून हातोडीच्या दांड्यानं ठोकायला निघाले तेव्हा मी आणि मामानं त्यांचा हात धरला. काच आहे हे त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. पाणी भरलं. पॅच सुटून वर तरंगायला लागला आणि धार पूर्वीसारखी सुरू झाली.

एवढ्यावर थांबले असते तर प्रकरण घरातच मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मामा चहा प्यायला स्टँडवर गेला आणि कोणी न विचारता सगळी हकीकत सांगून आला. आमच्या दुकानाच्या समोरच्या बाजूला गजूचं सायकलचं दुकान होतं. गजू बाबांपेक्षा तरुण, दुकानावर गाणी लावायचा, आणि त्याच्याकडे हवा भरायचं मोटारीचं यंत्र होतं. बाबा दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसले होते, त्यांना तो चार लोकांत म्हणाला, "काका, घरचं पानी गयते अन् गावाचं पंक्चर काढता?" लोक हसले. हसण्यासारखंच होतं, मीही हसले असते. पण बाबांचं तोंड लाल झालं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "या पेटीतून एक थेंबही गयते तोवर मी दुकान उघडनार नाई. ज्याले घरचं गयतं बंद करता येत नाई त्यानं लोकाच्या सायकलीले हात लावू नाई." मग उठले, दुकानाचं शटर खाली ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली आईच्या हातात आणून दिली.

आई आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस थट्टा करत नाही. आमचं वावर नावाला, ते पण कोरडवाहू, चूल पेटायची ती त्या दुकानावर. आणि गिऱ्हाईक एकदा समोर गेलं, तिथं गाणी ऐकत बाकड्यावर बसायची त्याला सवय लागली, की परत कशाला येतं? बाबांना हे कळत नव्हतं असं नाही. पण आमच्या घरात एकदा तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची रीतच नव्हती. ती असती तर मामाचंही लग्न झालं असतं.

तर आता शास्त्रशुद्ध काम सुरू झालं. बाबा म्हणाले, आपण चुकलो कुठं, तर भोक नीट न शोधता पॅच लावला. ट्यूबचं भोक कसं शोधतात? ट्यूब पाण्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहायचं. तसंच पेटीचं करायचं. मी म्हटलं, "बाबा, पेटीत पानी भरलं का भोक आपोआपच दिसते की. धार लागते तिथंच असते." बाबा म्हणाले, "धार तं खाली उतरते. बुडबुडा खोटं बोलत नाई." पुढं वाद घालण्यात अर्थ नव्हता. घरातल्या टाक्यात पेटी मावेना, म्हणून ती आम्ही ढोरांच्या हौदावर नेली. बाजाराचा दिवस, हौदापाशी ही गर्दी. बाबांनी पेटी उपडी करून पाण्यावर ठेवली आणि दाबली. ती काही बुडेना. आत सगळी हवा. मी दाबली, बाबांनी दाबली, एका बाजूनं खाली जाई आणि दुसऱ्या बाजूनं वर येई. बाबांनी चौफेर पाहिलं आणि त्यांची नजर मामावर थांबली. मामाचं वजन आमच्या घरात कोणी कधी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना अंदाज होता.

"भाऊ, बस याच्यावर."

"मी? काचीवर?"

"पाट ठेवतो ना वरून. पोरीसारखा लाजते कायले?"

पोरीसारखा म्हणाले म्हणून मी रागावले, पण पाट मीच आणला. मामा धोतर खोचून हौदात उतरला आणि देवाचं नाव घेऊन पाटावर बसला. पेटी हळूहळू खाली गेली. पाणी मामाच्या छातीला लागलं. आणि खरंच, एका कोपऱ्यातून बुड बुड बुड बुडबुडे आले. "सापडलं!" बाबा ओरडले, आणि खडूनं खूण करायला वाकले. खडू ओल्या काचेवर उठेना. तेवढ्यात एक म्हैस पाणी प्यायला आली, तिनं हौदात बसलेल्या मामाच्या पाठीला नाक लावून फुर्रकन श्वास सोडला आणि मामा उडाला. पेटी त्याच्या खालून सटकून वर आली, पाट एकीकडे, मामा एकीकडे. मामाला हौदातून काढायला चौघे लागले. पेटी फुटली नाही हे नशीब, पण मामाच्या वजनानं दुसरा सांधाही सैल झाला. घरी आणून पाणी भरलं तर आधी एकीकडून गळायची ती आता दोन्हीकडून गळायला लागली. गजूनं त्या दिवशी गाण्याचा आवाज कमी केला होता, हसणं नीट ऐकू यावं म्हणून. हे मी माझ्या मनचं सांगते आहे, पण तसंच असणार.

मग आईची पाळी. तिला पेटीचं काही नव्हतं, तिला किल्ली परत द्यायची होती. ती म्हणाली, तुमच्या सोल्युशननं काय होते, उडदाचं पीठ लावा, वाळलं का दगडाले हटत नाई. आणि तिनं पापडाच्या पिठाची लांब वळी करून ती दोन्ही सांध्यांत अशी दाबून बसवली की बघत राहावं. हाताला सवय ना. उन्हात कडकडीत वाळवलं, पाणी भरलं, आणि काय सांगू, थेंब नाही! बाबांनी आईकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच मान वळवली. मासे सोडले. सकाळी बाबा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, दुकानाची किल्ली मागायला आले, तर पेटीखाली पाणीच पाणी. तिन्ही मासे कोपऱ्यात तोंड लावून उभे. काळ्याच्या तोंडातून पापडाचं पीठ लोंबत होतं. मीठ-हिंग घातलेलं पीठ खाऊनही ते मेले नाहीत, उलट थोडे फुगले. "तुमच्या मासोयाईले माह्या हातची चव लागली, मी काय करू?" आई म्हणाली. तिला राग आला होता की अभिमान वाटला होता ते मला आजही ठरवता येत नाही.

या सगळ्यात दिवस चालले होते आणि शटर खालीच होतं. घरात डाळ पातळ व्हायला लागली. बाबा दिवसभर ओसरीवर बसून समोर पेटी ठेवून तिच्याकडे बघायचे. गजूच्या दुकानावरची गाणी आमच्या घरापर्यंत यायची. एक दिवस आई चुलीपाशी हळू आवाजात मला म्हणाली, "शाले, हा मानूस पेटीपायी बसला नाई आता. त्याले वाटते, गेलो उघडाले अन् कोनीच नाई आलं तर?" तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मी हे सगळं तमाशासारखंच बघत होते. बाबांचे हात रिकामे असलेले मी कधी पाहिलेच नव्हते, ते मांडीवर ठेवलेले हात बघवत नव्हते.

फोटोच्या फ्रेमा करणाऱ्या रफीकभाईंकडे काच चिकटवायचं सिलिकॉन मिळतं असं मामानं शोधून काढलं, हौदाची भरपाई म्हणून. रफीकभाई म्हणाले, "इससे तो जहाज चिपकता है, भाऊसाब." बाबांनी ते सांध्यावर लावलं, चांगलं जाडजूड, आणि दुसऱ्या दिवशी मी बोट लावून पाहिलं तर अख्खी पट्टी रबरासारखी निघून हातात आली. खालचं जुनं सिलिकॉन तसंच होतं, पिवळं, शेवाळ बसलेलं. मी ती पट्टी हातात धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकदम आलं. मी इतक्या जोरात ओरडले की आईच्या हातचं लाटणं पडलं.

"बाबा, तुमी ट्यूब घासल्याबिगर पॅच लावता का?"

पॅच लावायच्या आधी ट्यूब घासायची, खरबडीत करायची, धूळ पुसायची, बोट लावायचं नाही, हे त्यांनी मला चालायच्या आधी शिकवलं होतं. दुकानात कोणी न घासता पॅच लावला तर ते त्याला बह्याड, म्हणजे बावळट, म्हणायचे. आणि स्वतः जुन्या, तेलकट, शेवाळलेल्या सिलिकॉनवर नवं थापत बसले होते, कारण पेटी काचेची होती आणि काचेला घासायचं असतं हे कोणाच्या डोक्यात येतं? ते सावकाश उठले, आत गेले, दाढीचं ब्लेड घेऊन आले आणि म्हणाले, "मी बह्याड हावो." एवढं कबूल करायला त्या माणसाला किती कष्ट पडले असतील ते आम्हालाच माहीत. मामा टाळी वाजवायला निघाला होता, आईनं त्याच्याकडे पाहिलं.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून ती पेटी खरवडली. कोपऱ्याकोपऱ्यातून ब्लेडनं जुनं सिलिकॉन काढलं, उडदाचं पीठ काढलं, डॉक्टरांकडून मागून आणलेल्या स्पिरिटनं पुसलं. मामानं काचेवर हात ठेवला की आई त्याच्या हातावर लाटणं मारायची. रफीकभाईंकडून पुन्हा ट्यूब आणली. बाबांनी एका श्वासात एक सांधा, वरपासून खालपर्यंत, हात न थांबवता भरला आणि ओल्या बोटानं ओढून घेतला. इतकं सुंदर काम मी त्यांच्या हातून त्याआधी आणि त्यानंतरही पाहिलं नाही. आणि मग सगळ्यात कठीण भाग आला, तो म्हणजे काहीही न करणं. पंक्चरवाल्याला पॅच लावला की चाक फिरवून बघायची सवय. बाबा दर थोड्या वेळानं सांध्याला बोट लावायला जात आणि आई लाटणं उचले. सिलिकॉनला वास असा आंबट सुटला की आईला वाटलं गहू नासला. तिनं गहू तीनदा धुतला, मामाला शिव्या दिल्या, मग वास पेटीचा आहे हे कळल्यावर मामाची माफी न मागता पेटीला शिव्या दिल्या. आता माझा भाचा मोबाईलवर मला दाखवतो, मावशी, हे बघ, पेटी सील करायचा व्हिडिओ. तो माणूस सगळं चटकन उरकतो. मी म्हणते, बाबा रे, त्याच्या पेटीपाशी म्हैस आली होती का?

पाणी भरायच्या दिवशी बाबांनी पेटीखाली जुने पेपर अंथरले आणि तोंडोतोंड पाणी भरलं. आम्ही ओणवं होऊन पेपरांकडे बघत बसलो. दुपार झाली. चहा झाला. पेपर कोरडे. मामा म्हणाला, "एक थेंब पडला!" तो त्याच्याच कपाळाचा घाम होता. संध्याकाळी आईनं मासे गंजातून पेटीत सोडले, पदराला हात पुसला, आणि बाबांच्या समोर किल्ली ठेवली. बाबांनी ती लगेच घेतली नाही. आधी पेटीखालचे पेपर पुन्हा एकदा चाचपून पाहिले.

सकाळी ते दुकानाकडे निघाले तेव्हा मी पाना-पकड घेऊन मागे. पेटी गळायची थांबली ही बातमी मामानं रात्रीच स्टँडवर पोचवली होती. स्टँडजवळ वळलो आणि बाबा थांबले. आमच्या बंद शटरला सायकली टेकवून ठेवल्या होत्या. एक नाही, दोन नाही, ओळच. कुणाच्या मागच्या चाकात हवा नव्हती, कुणाच्या पुढच्या. समोर गजूचं दुकान उघडं होतं, गाणी चालू होती, आणि गजू त्या ओळीकडे बघत बसला होता, एकटाच. आमच्या दुकानाच्या पायरीवर किसनराव नावाचे एक म्हातारे बसले होते, पांढरा फेटा, पाय धुळीनं भरलेले. त्यांचं वावर गावापासून चांगलं लांब होतं. इतके दिवस रोज सकाळी ते बसलेल्या चाकाची सायकल हातात धरून पायी वावरात जात होते, कारण तिच्यावर डबा आणि चारा लादायचा असे, आणि तशीच हातात धरून पायी परत येत होते.

प्रेमानं बोलायचं ठरलं की बाबा नेहमी ओरडायचे, तसे ओरडले. "इतल्या उन्हात पायी हिंडले? समोर गजूचं दुकान हाय ना! त्याच्याकडं काहून नाई गेले?"

किसनरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू काही भलतंच विचारलं.

"तू उघडनार होता ना," ते म्हणाले.

बाबांनी खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर धरली. मी ती त्यांच्या हातून घेतली, कुलूप काढलं आणि शटर वर केलं. मग बाबांनी किसनरावांची सायकल उलटी टाकली, ट्यूब बाहेर काढली, आणि माझ्याकडे पाठ करून ती घासायला लागले. त्या ट्यूबला भोक एवढंसं होतं. ते खूप वेळ घासत होते.